७७७ केलेला सर्व्हर आणि बारा वाजून सतरा मिनिटं

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. मरोळच्या एका छोट्या कंपनीत पंधरा वर्षं लिनक्स सर्व्हर सांभाळतोय. मशीन स्वतःहून काही करत नाही... कोणीतरी माती खाल्लेली असते, आणि लॉग बघितला की ती सापडते.

त्या दिवशी माती सायलीने खाल्ली. आमच्या टीममधली नवी मुलगी, प्रोबेशनचा शेवटचा आठवडा. पवईच्या एका लॅबच्या सर्व्हरवर कुठलीशी फाइल सेव्ह होईना, म्हणून तिने आमच्या लॉगिनच्या अख्ख्या होम फोल्डरला, आतल्या सगळ्या फाइल्ससकट, ७७७ परमिशन दिली - म्हणजे या, कोणीही या, काहीही बदला! - आणि लॉगआऊट केलं. SSH ची, म्हणजे लांबून सर्व्हरमध्ये शिरायची, किल्ली म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची फाइल. ती किल्ली ठेवलेला फोल्डर असा सताड उघडा दिसला की सर्व्हर कोणालाच आत घेत नाही. लांबून पासवर्डने लॉगिन तर मीच बंद करून ठेवलेलं.

"वाट लागली रे," सायली रडवेली झाली. "एक वाजता पेशंटचे रिपोर्ट जायचेत. मला काढतील ना?"

"गप गं. मी जातो, थेट सर्व्हरलाच कीबोर्ड लावतो, दोन मिनिटांचं काम."

मी खरंच निवांत होतो. रिक्षाने पवई गाठली, लॅबवाल्यांकडून सर्व्हरचं कपाट उघडून घेतलं. कीबोर्ड अजून बॅगेतच होता, तेवढ्यात तिचा फोन.

"झकास यार! आत गेले मी!"

मी कशालाही हात लावला नव्हता.

रिपोर्ट वेळेवर गेले. मग मी शांतपणे तपासायला बसलो. होम फोल्डर ७५५, त्यातला किल्ल्यांचा .ssh फोल्डर ७००, किल्ल्यांची फाइल ६००. अगदी पुस्तकात असतं तसं. बदलाची वेळ बारा वाजून सतरा मिनिटं, तेव्हा मी साकीनाक्याच्या सिग्नलला घाम पुसत होतो. त्या वेळेत कोणाचंही लॉगिन नाही, कपाटाला कुलूप, आपोआप चालणारी एकही स्क्रिप्ट नाही. बॅकअपमधून जुनं परत आलं म्हणावं, तर बाकीच्या शेकडो फाइल्स अजून ७७७ च होत्या! बदलल्या होत्या त्या फक्त तीन जागा, दार उघडायला लागतात तेवढ्याच. खरं सांगतो, एसीत बसून मला घाम फुटला.

संध्याकाळी मॅनेजरने विचारलं, "कोणी सोडवलं?"

सायली माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "मी."

पुढच्या आठवड्यात ती कायम झाली. पेढे आणले, पहिला मला दिला. म्हणाली, "तू नसतास तर मी आज घरी बसले असते." मी पेढा खाल्ला. पंधरा वर्षांत कामाबाबत बोललेलं हे माझं एकमेव खोटं. खरं सांगितलं तर ती विचारेल, मग केलं कोणी?... आणि मी तो लॉग आजवर निदान पन्नासदा वाचलाय.