भिंतीकडची खिडकी

तिला सगळे फूटपट्टी म्हणत. अंगाने तशीच, उंच आणि सडसडीत. शिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकलं की हातात पाण्याचा पेला येण्याआधी तिच्या डोळ्यांनी भिंती मोजून व्हायच्या. ऐन विशीत ती शिंप्याच्या दुकानात कपडे बेतायची, पुढे काचेच्या खोल्या बेतायला लागली. घराच्या मागच्या अंगणात, घराला लागून, तीन बाजूंनी आणि डोक्यावरही काच. झाडं ठेवायला, उन्हात बसायला. "कापड चुकलं तर शिवणीत दाबता येतं, काच कुठे दाबणार?" असं ती म्हणे. मापात तिने कधी लबाडी केली नाही. बाकी ठिकाणी मात्र तिची जीभ गरजेप्रमाणे वळायची, आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नसे.

एकदा तिला एका विमा कंपनीतल्या साहेबाने बोलावलं. घरात तो, त्याची बायको आणि म्हातारी आई. साहेबाला काचेच्या खोलीत कुंड्या, वेताची खुर्ची आणि शांतता हवी होती.

"आणि त्या भिंतीपासून जरा लांबच," तो म्हणाला. "तिकडची काचही दुधी लावा. मला त्यांचं तोंड बघायचं नाही."

कमरेइतक्या भिंतीपलीकडे त्याचा चुलतभाऊ राहायचा. दोघांचं बोलणं बंद होतं. कारण सांडपाण्याचा पाईप होता की झाडाची फांदी, हे विचारलं की साहेब आधी चिडे आणि मग आठवत बसे.

फूटपट्टीने खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपं माप घेऊन चौकोन काटकोनात असल्याची खात्री केली. पुढच्या खेपेला येऊन पाहते तर तिरपी मापं जुळेनात. भिंतीकडच्या एका खुंटीला पाय फुटले होते. तिने ती जागेवर आणली. नंतरच्या खेपेला दुसरी खुंटी सरकलेली.

"हा त्याचाच उद्योग," साहेब भिंतीकडे बघत म्हणाला.

फूटपट्टीला ते पटेना. शेजाऱ्याला खोली नको असती तर खुंट्या लांब गेल्या असत्या. या तर भिंतीच्या जवळ जात होत्या. म्हणून ती न सांगता आली, साहेब कामावर आणि सून बाजारात असताना. अंगणात म्हातारी वाकून लाटण्याने खुंटी ठोकत होती.

"आजी, दगड घ्या. लाटण्याचं वाटोळं होईल."

म्हातारी दचकली नाही. कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाली. "सांगणार आहेस त्याला?"

"आधी मला तर सांगा."

म्हातारी पायरीवर टेकली. पलीकडे तिच्या थोरल्या जाऊबाई राहत. "एका घरात नांदलो, जन्मभर भांडलो. मीठ जास्त का, दार उघडं का, माझ्या माहेरचे बसले किती वेळ. मग पोरांनी अबोला धरला आणि त्यांच्या भांडणात आमचं भांडण बुडालं. सून गुणाची आहे गं. काहीही बोललं तरी 'बरं' म्हणते. 'बरं' म्हणणाऱ्या माणसाशी किती भांडणार?"

"मग जा की पलीकडे."

"मी कशी जाऊ? जाऊबाई म्हणतील, आली शेवटी नाक मुठीत धरून. खोली भिंतीला टेकली म्हणजे कसं, आपण आपल्या घरात. कानावर पडलं तर पडलं."

फूटपट्टीला हसू आवरेना. खोली भिंतीला टेकवता येणार नव्हती. पन्हळीला आणि काच पुसणाऱ्या माणसाला जागा लागते. पण खिडकी करता येत होती. तिने आजीला खुर्चीत बसवलं, तिच्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजली आणि खुंट्या पुन्हा जागेवर नेल्या. जाताना शेजारी डोकावून, सावली कुठवर पडते ते बघते असं सांगून, थोरल्या जाऊबाईंची बसायची जागाही हेरून आली.

साहेबाला तिने सांगितलं, "दारासमोर खिडकी लागेल. हवा खेळली नाही तर काच घामेजते आणि झाडं कुजतात." यातलं अक्षरही खोटं नव्हतं. दार दुसऱ्या बाजूला घेतलं असतं तर खिडकीही फिरली असती, एवढंच ती बोलली नाही.

"पण काच दुधी ना?"

"दुधीच. खिडकी बंद असली की पलीकडचं काही दिसणार नाही."

खोली उभी राहिली. पहिल्याच सकाळी म्हातारीने खिडकी उघडून कोपर टेकलं. पलीकडे जाऊबाई निवडणं घेऊन बसल्या होत्या.

"काचेच्या बरणीत बसवलं वाटतं तुला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मुरशील हो."

"मी मुरले तर चव तरी येईल. तुम्ही इतकी वर्षं नुसत्या आंबताय."

त्या दिवसापासून म्हातारीला भूक लागायला लागली. सून स्वयंपाकघरात गॅस बारीक करून ऐकत उभी राही. लग्नानंतर इतक्या वर्षांत सासरची अशी माहिती तिला कुणी दिली नव्हती. साहेबाची वेताची खुर्ची आजीने बळकावली आणि शांतता तर पहिल्याच दिवशी मोडली.

महिन्याभरात दोघे चुलतभाऊ फूटपट्टीच्या कारखान्यात आले. एकाच गाडीतून.

"ती खिडकी कायमची बंद करा," साहेब म्हणाला. "सकाळी सुरू होतात, जेवायला उठतात, परत सुरू."

"माझ्या लग्नातलं काढलं काल," चुलतभाऊ म्हणाला. "तुझंही काढलं."

"माझ्या लग्नातलं काय?"

"गाडीत सांगतो."

"करता येईल बंद," फूटपट्टी म्हणाली, "पण अख्खी बाजू उतरवावी लागेल. त्या दोघींना विचारलंत?"

विचारायची छाती दोघांचीही नव्हती. चुलतभावाने घसा खाकरला. "खरं म्हणजे मी दुसऱ्या कामाने आलोय. आईला पण काचेची खोली हवीय. म्हणते, तिच्यापेक्षा चार बोटं उंच."

"माझ्यापेक्षा उंच कशाला?" साहेब उसळला. मग जरा विचार करून म्हणाला, "बरं, असू दे उंच. पण काकूची खिडकी आमच्या खिडकीच्या बरोबर समोर घ्या. तिरपी झाली तर दोघी ओरडून बोलतील."