ग्लेनिसची पाठ

ग्लेनिस हारग्रीव्ह्जच्या छातीत कफ साठायचा आणि तो आपणहून कधी सुटायचा नाही. सकाळ-संध्याकाळ ती उतरत्या उशीवर डोकं खाली करून पालथी पडे आणि तिचा नवरा क्लिफर्ड हाताची ओंजळ करून तिची पाठ थोपटे. मग खोकला, मग यंत्रातून वाफेचं औषध, मग गोळ्या. गोळ्यासुद्धा तोच हातावर ठेवी, कारण छाती भरली की कोणती गोळी घेतली आणि कोणती राहिली, हे तिला कळेनासं होई. मागे तो फ्लूने झोपला, तर आठवड्याच्या आत तिला प्राणवायू लावावा लागला होता.

यासाठी त्याने गोदामातली नोकरी सोडली होती. घर चालायचं ते तिच्या अपंगत्वाच्या भत्त्यावर, आणि तिची काळजी घेतो म्हणून त्याला मिळायचं त्यावर. आता त्या भत्त्याची फेरतपासणी आली होती. सरकारी कचेरीतली बाई घरी येणार, आणि औषधोपचार ग्लेनिसला एकटीला जमतात की दुसऱ्याचा हात लागतो ते ठरवणार. जमतात असं ठरलं की दोन्ही बंद.

तिची बहीण एव्हरिल आदल्या दिवशी मुद्दाम सांगून गेली होती, तुझा वाईटातला वाईट दिवस सांग, आणि देवाशपथ, घर आवरू नकोस.

पण इंग्लंडातल्या लँकेशायरच्या त्या गल्लीत माणसं कशी वाढलेली! तब्येत विचारली तर तिरडीवरूनही म्हणतील, कुरकुरण्यासारखं काही नाही. पाहुणा यायचा म्हणजे उंबऱ्याची पायरीसुद्धा घासायची. सकाळी क्लिफर्डने नेहमीपेक्षा जास्त वेळ पाठ थोपटली आणि दाढी करून खाली येऊन पाहतो, तर वाफेचं यंत्र कपाटात, थुंकीचं भांडं सिंकखाली; उशी तर तिने वरच पलंगाखाली सरकवलेली. ग्लेनिसने ओठ रंगवले होते आणि लग्नातले कप काढले होते.

"अगं, ते यंत्र तरी बाहेर असू दे," तो म्हणाला.

"परक्या बाईला माझा कफ दाखवू? उद्या म्हणशील, कपातच देऊ तिला."

तो हसला. हसायला नको होतं.

बाई तरुण होती, गोड होती. खोली फार प्रसन्न आहे म्हणाली आणि मांडीवरच्या संगणकावर बोटं चालवू लागली. चहाचा ट्रे ग्लेनिसने स्वतः आणला. बाईची नजर ट्रेवरून तिच्या मनगटांवर गेली, आणि बोटं पुन्हा चालली.

"औषधांचं कोण बघतं, मिसेस हारग्रीव्ह्ज?"

"बघते की माझी मी. जमतं."

"आणि छातीचे व्यायाम?"

"तेही होतात."

क्लिफर्डने तोंड उघडलं. ग्लेनिसने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. चारचौघांत बायकोला खोटं पाडायचं नाही, हे त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं, आणि त्याने बाईला आणखी एक बिस्कीट दिलं. बोलायची वेळ हीच होती हे त्याला कळत होतं.

दारात बाई म्हणाली, "तुम्ही फार छान सांभाळता हं सगळं." ग्लेनिस दिवसभर त्या वाक्यावर खूश होती.

निकाल आला तो असा: उपचार स्वतः करतात, मदत लागत नाही. एव्हरिल संतापून आली, फेरविचार मागायलाच हवा म्हणाली, तो मागितलाही. पण त्याला महिने लागणार होते, आणि फेरविचार करणाऱ्याच्या समोरही ग्लेनिसचेच शब्द असणार होते.

पुढच्या सोमवारी क्लिफर्ड गोदामाचे बूट घालून निघाला. गोळ्या त्याने बशीत काढून ठेवल्या होत्या. वर ग्लेनिस उशीवर पालथी पडली, पाठ थोपटायला हात मागे वळवून पाहिला. बोटं जेमतेम कमरेपर्यंत पोचली. छातीत घरघर सुरू झाली होती, उकळीला येणाऱ्या किटलीसारखी.

शेजारीण दार ढकलून आत आली आणि जिन्याखालून ओरडली, "काय गं, बरी आहेस ना?"

"बरी आहे," ग्लेनिस म्हणाली. "कुरकुरण्यासारखं काही नाही."