दोन बिल्ल्यांच्या मधली जागा

खरं तर हे मी लिहावं की नाही, हेच मला नीट कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि आजवर परीक्षा सोडून काही लिहिलं असेल तर ते अर्जच. तेव्हा चुकलंमाकलं वाचणाऱ्यांनी पोटात घालावं. पण मामांबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, आणि ते स्वतः लिहायला बसले तर तीन प्रतींत लिहितील आणि तिन्ही पेटीत ठेवतील. म्हणून धीर करते. एक गोष्ट मात्र मी छातीठोकपणे सांगू शकते. अख्ख्या वडवणी तालुक्यात वेळेवर पोचणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे मामा. गंमत अशी की आमच्या भावकीत उशिरा पोचलेला माणूस म्हणूनही त्यांचंच नाव निघतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे मामेभाऊ. आमची सगळी मंडळी मेंढरं राखणारी. त्यातून हे एकटे फौजेत गेले, नायक होऊन पेन्शनीवर आले आणि आल्या दिवसापासून पुन्हा मेंढरांतच उभे राहिले. गाव त्यांना मेजर म्हणतं. आमच्याकडे फौजेतला कुणीही, तिकडे तो लंगरात भाकऱ्या भाजत असला तरी, रजेवर येऊन एसटीतून उतरला की मेजर होतो. त्याला कुणी हरकत घेत नाही, तोही घेत नाही. मामांनी तर गावाने दिलेली ही बढती इतकी मनावर घेतली की सकाळी मेंढरं सोडण्याआधी त्यांची रांगेत गिनती व्हायची. मेंढरं काही रांगेत उभी राहत नाहीत. मामा शांतपणे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. त्यांचा कुत्रा कार्तिकात दरवर्षी शेजारच्या वस्तीवर पळून जायचा. कुणी विचारलं तर मामा सांगायचे, "रजेवर हाय. आठ दिसांची दिलीया." नवव्या दिवशी तो आला नाही की परतल्यावर त्याची संध्याकाळची भाकरी बंद. मामी ती मागच्या दाराने टाकायची. मामांना हे ठाऊक होतं, पण मागचं दार आपल्या अखत्यारीत येत नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

लग्नपत्रिकेवर बारा पस्तीसचा मुहूर्त असला की मामा बारा वाजता मांडवात हजर. आमच्याकडची वरात तीनच्या आत आली तर मुलीकडचे लोक गडबडून जातात. एकदा मामा दीडपर्यंत थांबले, मग मंडपवाल्याच्या हातात आपल्या वाटणीच्या अक्षता दिल्या, नवरा आल्यावर आपल्या नावाने टाकायला सांगितल्या आणि मेंढरांकडे निघून गेले. फोनवरही तसंच. त्यांचा फोन दहा सेकंदांच्या वर चालत नाही. "मी बोलतोय. काळी मेंढी व्याली. दोन. बस." एवढं झालं की फोन बंद. आपण काही विचारायच्या आत ते शेतात गेलेले असतात.

एक काम मात्र ते करत नाहीत. लोकर कातरताना मेंढी धरायला ते कधीच बसत नाहीत. सगळं कातरण होईपर्यंत लांब बाभळीखाली पाठ करून उभे. "बंदूक धरली अन् मेंढी धरवंना व्हय मेजर?" म्हणून माणसं हसतात. मामीने मला त्याचं कारण सांगितलं होतं. लहानपणी ते मेंढी धरत आणि त्यांची थोरली बहीण, आक्का, कातरायची. एकदा त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं, मेंढीने उसळी घेतली आणि कातर आक्काच्या अंगठ्यात तिरकी घुसली. त्याचा वण अजून आहे. आक्काने घरी सांगितलं की माझाच हात घसरला.

मामांची खरी दौलत म्हणजे त्यांची पत्र्याची पेटी. तिच्यात प्रत्येक कागदाला आवक क्रमांक आहे. विजेच्या बिलाला आहे, लग्नपत्रिकांना आहे, मी बारावी पास झाल्याचे पेढे आणि गुणपत्रिकेची झेरॉक्स घेऊन गेले तेव्हा तिलाही क्रमांक पडला. पेढ्यांना नाही पडला, ते आधी संपले. पेटीच्या तळाशी त्यांचा कोट. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला तो घालून ते शाळेत झेंड्याला येतात. कोटावर दोन बिल्ले आहेत. आम्ही बिल्लेच म्हणतो, ते पदक म्हणतात. त्या दोन्हींच्या मध्ये एका बिल्ल्याएवढी जागा मोकळी सोडलेली असते. शाळेत असताना आम्हा पोरींना वाटायचं, यांचं बटण तुटलंय.

ती जागा कशासाठी, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. मामांनी आयुष्यातला एक हिवाळा बर्फातल्या चौकीवर काढला होता. त्यांची पलटण खाली होती, हे एकटे दुसऱ्या पलटणीला जोडून वर गेले. त्याच हिवाळ्यात इकडे त्यांची आई वारली. ते आले सव्वा महिन्याने. वाट बंद होती, तार उशिरा मिळाली, असं त्यांनी सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. आक्काला तर सगळ्यात आधी पटलं. पुढे ते पेन्शनीवर आल्यावर आक्काच्या मुलाने, जो घाटनांदूरला मास्तर आहे, त्यांचे कागद भरायला घेतले, आणि नोकरीचं पुस्तक मोठ्याने वाचताना तो अडखळला. त्या वर्षाच्या रकान्यात बर्फाची चौकी नव्हतीच. मैदानातल्या एका डेपोचं नाव होतं. खालच्या पलटणीने लिहिलं ते राहिलं आणि वरच्या पलटणीचं त्यात कधी चढलंच नाही. म्हणून त्या चौकीचं तिसरं पदकही नाही. आक्का तिथेच बसली होती. ती एवढंच म्हणाली, "रेल्वेच्या गावात व्हता, अन् मायच्या मातीला आला न्हाई." त्या दिवाळीपासून तिने भाऊबीज बंद केली. मामा तिच्याशी वाद घालायला गेले नाहीत. मी एकदा विचारलं, का गेला नाहीत. तर म्हणाले, "तोंडानं सांगून एकदा झालं. आता कागद म्हनंल तवा."

अशी अकरा वर्षं गेली होती तेव्हा मी बीडला कॉलेजात गेले आणि मामांनी माझी नेमणूक केली. मला ते तेव्हापासून क्लार्क म्हणतात. नोंद दुरुस्त करा असा फौजेच्या कचेरीला करायचा अर्ज इंग्रजीत हवा होता. मी दोन दिवस खपून तो लिहिला, सर्व्हिस नंबर चार वेळा तपासला, आणि वर मोठ्या सन्मानाने लिहिलं, मेजर, आणि पुढे त्यांचं नाव. मला खरंच दुसरं काही माहीत नव्हतं. जन्मापासून मी त्यांना मेजरच ऐकलं होतं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांच्याही कानाला ते खटकलं नाही, कारण गावात राहून त्यांनाही सवय झाली होती. आठ महिन्यांनी उत्तर आलं. या नावाचे कोणी मेजर आमच्याकडे नोंदलेले नाहीत, दिलेला नंबर एका नायकाचा आहे, अर्जदाराने खुलासा करावा.

मी पत्र वाचलं आणि मला रडू यायला लागलं. मामांनी पत्रावर आवक क्रमांक टाकला, चष्मा काढला आणि हिंदीत विचारलं, "गलती किसकी?"

"माझी," मी म्हणाले.

"क्लार्कची गलती कमांडरवर जाती," असं म्हणून त्यांनी मामीला हाक मारली आणि आठ दिवस चहा बंद असल्याचं कळवलं. मला शिक्षा झाली नाही. मामी म्हणाली, लई बरं झालं, साखर वाचली. पण पाचव्या दिवशी तिनेच मागच्या दाराने त्यांना कपभर दिला, आणि ते दार अखत्यारीत येत नसल्यामुळे मामांनी तो घेतला.

दुसऱ्या अर्जासाठी पुरावा शोधायचा म्हणून मी त्यांची पेटी पहिल्यांदा पूर्ण उपसली. तळाला, कोटाच्याही खाली, एक पिवळं पाकीट होतं. साऱ्या पेटीत क्रमांक नसलेला तेवढा एकच कागद. आत तार होती. आई गेली, लवकर ये. तारेला टाचलेली एक चिठ्ठी होती, डेपोच्या शिक्क्याची, की हा जवान इथे नसून वरच्या चौकीला जोडलेला आहे, तार पुढे पाठवावी. तिच्या पाठीमागे चौकीचा शिक्का, आणि मिळाल्याची तारीख. दोन शिक्क्यांच्या मध्ये बावीस दिवस होते. मामा, हाच तर कागद, असं मी म्हणाले. इतकी वर्षं तो दाखवला का नाही, असंही जरा जोरातच विचारलं. मामांनी पाकिटाची घडी सारखी केली. "त्यो एकदाच उघडला व्हता," ते म्हणाले. "परत न्हाई."

त्यांनी त्याला आवक क्रमांक टाकला नाही. झेरॉक्स काढायला मात्र दिला. आणि मी या वेळी नायक लिहिलं, दोनदा अधोरेखित करून.

उत्तराला सव्वा वर्ष लागलं. या काळात मामा दर सोमवारी, वडवणीच्या बाजाराच्या दिवशी, पोस्टात जाऊन आपलं काही आलंय का ते विचारून येत. पोस्टमन दारात येतो हे त्यांना माहीत होतं. पण तो वेळेवर येत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. शेवटी गेल्या महिन्यात पत्र आलं, या वेळी हिंदीत. नोंद दुरुस्त केली आहे, नायक अमुक यांनी त्या हिवाळ्यात वरच्या चौकीवर सेवा केली, ते पदकास पात्र आहेत, प्रत्यक्ष पदक उपलब्धतेनुसार पाठवण्यात येईल. मी सुट्टीवर घरीच होते. मी ते तीन वेळा वाचलं, कारण मामांनी तीन वेळा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी ते उभे राहून ऐकत होते. गल्लीतल्या एकाने सुचवलं की असले बिल्ले छावणीच्या बाजारात दुकानात मिळतात, आणून टाका एक. मामा म्हणाले, दुकानातलं दुकानदाराचं असतं. त्यामुळे कोटावरची जागा अजून मोकळीच आहे.

पदकाची त्यांना घाई नव्हतीच. त्यांनी मला पत्राची आणि त्या तारेच्या चिठ्ठीची झेरॉक्स एका पाकिटात घालायला लावली, वर घाटनांदूरचा पत्ता आणि आक्काचं नाव लिहायला सांगितलं. रजिस्टर, पोचपावतीसह. मी विचारलं, आत दोन ओळी लिहू का, तुम्ही सांगाल तशा.

"काय लिव्हतीस? तिला वाचता येत न्हाई."

"मग कसं कळणार तिला?"

"ज्यानं तवा वाचलं, त्योच वाचंल," मामा म्हणाले, आणि पाकिटाचा डिंक स्वतः अंगठ्याने दाबून बसवला.

त्यानंतर मी बीडला परत आले. परीक्षा जवळ होती. खरं सांगायचं तर मी ते पाकीट विसरूनही गेले असते, पण मला राहून राहून वाटत होतं की मास्तर घरी असेल, तो सही करून पाकीट घेईल, वाचेल आणि काय करायचं ते ठरवेल. आपल्याकडे पोचपावतीवर सही घरात जो पुढे येईल त्याची असते. आक्कापर्यंत ते गेलं की नाही, हे त्या कार्डावरून कसं कळणार, हे मामांना विचारायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

परवा दुपारी मी लायब्ररीत होते तेव्हा मामांचा फोन आला. मी धावत बाहेर व्हरांड्यात आले, कारण दहा सेकंदच असतात.

"मी बोलतोय. पावती आली. अंगठा हाय."

मी नेहमीसारखी 'बस'ची वाट पाहत थांबले. ते आलं नाही. म्हणून घाबरत विचारलं, "कुणाचा, मामा?"

"आक्काचा." मग म्हणाले, "मधी तिरकी रेघ हाय."

पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता. कुत्रा एकदा भुंकला. मामांनी फोन बंद केला नाही, आणि मीही तो तसाच कानाला धरून उभी राहिले.