पट्ट्याच्या बाई

दोन हजार तेवीस साल. माझं वय पंच्याहत्तर, शाळेच्या दाखल्यावर त्र्याहत्तर. शाळा चौथीत सुटली, त्यामुळं दाखल्यावर माझा तसाही फार विश्वास नाही. त्या साली आमच्या गावात एक बाई यायला लागल्या. बुधवार आला की लोहाऱ्याहून जीपमधून उतरायच्या, खांद्याला कापडी पिशवी, हातात छत्री. पिशवीत बीपी बघायचं यंत्र. माणसाच्या दंडाला पट्टा बांधायच्या, फुगवायच्या, सोडायच्या, आकडा बघायच्या आणि म्हणायच्या, "जरा बसा. पाच-दहा मिनिटांनी परत बघू. एकदा बघून खरं कळत नाही." पट्टा तसाच दंडाला. आता दंडाला पट्टा बांधलेला माणूस जाणार कुठं? तेवढ्या वेळात बाई विचारायच्या, "झोप लागते का?" गावानं त्यांचं नाव पाडलं पट्ट्याच्या बाई.

त्यांचं खरं काम बीपीचं नव्हतंच. त्यांची नेमणूक होती मनाच्या आजारासाठी, दवाखान्यात, ठेक्यावर. पहिले दोन महिने त्या दवाखान्यात 'मनाचे आजार' अशा पाटीखाली खुर्ची टाकून बसल्या, तर कुणी फिरकेना. लोक म्हणायचे, येड्याची बाई आलीय. एखादी बाई गेलीच तर तोंडावरून पदर घेऊन. मग यांनी खुर्ची सोडली आणि पिठाच्या गिरणीच्या कट्ट्यावर बसायला लागल्या. सकाळी दूध डेअरीवर, दुपारी गिरणीवर. पुढं एकदा मी विचारलं, हे नाटक कशाला? तर म्हणाल्या, "तात्या, माणूस दंड पुढं करतो, मन करत नाही. मग दंडापासून सुरुवात केली."

बाई भूमकडच्या. बारीक अंगाच्या, आवाज हळू. चहा बिनसाखरेचा. प्रश्न विचारला की गप्प बसायच्या, आणि समोरचा गप्प बसला तरी ह्या गप्पच. भल्याभल्यांना ते सोसत नसे. शेवटी समोरचा काहीतरी बोलून टाकायचा, की बाई म्हणायच्या, "मग?" त्या "मग" वर आमच्या गावातल्या लोकांनी घरातली कुठली कुठली गोष्ट सांगितली असेल, ते बाईंनाच ठाऊक. एकाची दुसऱ्याला कधी सांगितली नाही.

आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीचं डोकं दुखायचं. वर्षानुवर्षं गोळ्या खायची. बाईंनी तिला विचारलं, "दिवसभर बोलता कुणाशी?" म्हातारी म्हणाली, "टीव्हीसंगं." बाईंनी काय करावं? पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या म्हातारीला घेऊन आल्या आणि दोघींना शेवया करायला बसवलं. मी म्हणालो, "डोकेदुखीवर शेवया? हे कुठलं शास्त्र?" बाई हसल्या. डोकेदुखी काही पळून गेली नाही, पण गोळ्या निम्म्यावर आल्या, हे मी डोळ्यांनी बघितलं.

मला शिकलेल्या माणसाशी वाद घालायला आवडतं. एकदा डेअरीवर सगळ्यांसमोर मी त्यांना धरलं. "बाई, राग धरू नगा, संगत धरा, कामात राहा, हे तर आमच्या म्हाताऱ्यांनी बी सांगितलं. तुमी कॉलेजात जाऊन नवीन काय शिकलात?"

"नवीन फार नाही," बाई म्हणाल्या. "आम्ही फक्त तपासून बघतो. म्हाताऱ्यांनी सांगितलेलं निम्मं खरं निघतं, निम्मं खोटं."

"खोटं कोणतं?"

"गड्याला भ्या नसतं, हे."

लोक हसले. मी हसलो नाही. मला वाटलं, हिला कुणीतरी माझं सांगितलंय.

माझं म्हणजे असं. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं जुनं गाव गेलं. मी माळवदाखाली, घराच्या मातीच्या छताखाली, गाडला गेलो होतो, पहाटेपासून दुपारपर्यंत. नवं गाव वसलं, सिमेंटचं पक्कं घर मिळालं, पण तेव्हापासून मी घरात झोपलेलो नाही. अंगणात बाज, वर पत्र्याचासुद्धा आडोसा नको. पावसाळ्यात ताडपत्री. कुणी विचारलं की मी सांगायचो, आत उकडतं. तीस वर्षं तेच सांगितलं आणि तीस वर्षं कुणी उलटून बोललं नाही.

बाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा पौष चालू होता. बाज बघितली, वाकळा बघितल्या. दंडाला पट्टा बांधता बांधता म्हणाल्या, "तात्या, थंडीत पण उकडतं?"

आमची मंडळी चुलीपासून बोलली, "ह्यांला बारा म्हैने उकडतं, बाई."

तिची बाज माझ्या बाजेला लागूनच असायची. तिला दमा. थंडीत छाती अशी वाजायची की म्हशी कान टवकारायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गारठ्यात झोपू नका. पोरानं सांगितलं, सुनेनं सांगितलं, मी तर रोज सांगायचो, तू आत झोप. तिचं उत्तर ठरलेलं, "तुमी चला, मंग मी येते." भूकंपाच्या पहाटे ती माहेरी होती. "तवा मी नव्हते. आता एकलं सोडणार न्हाय," एवढंच म्हणायची आणि वाकळ तोंडावर घ्यायची. माझ्यापेक्षा हट्टी माणूस मी तेवढंच बघितलं.

त्या दिवशी बाई पट्टा तसाच ठेवून म्हणाल्या, "तात्या, ही भूकंपाची भीती आहे. लाजायचं काही नाही, पुष्कळांना असते."

माझं डोकं फिरलं. माझ्या अंगणात, माझ्या बायकोसमोर मला भित्रा म्हणते! उठलो आणि तरातरा रानाकडं निघालो. दंडाला पट्टा, पट्ट्याला नळी, नळीला घड्याळ लोंबतंय. मागून बाई छत्री घेऊन पळतायत, "अहो तात्या, सरकारी सामान आहे ते!" गाव दारात येऊन बघत होतं. पट्टा सोडून मी बांधावर ठेवला आणि मागं न बघता पुढं गेलो.

मला वाटलं, आता येणार नाही. पुढच्या बुधवारी दारात हजर. म्हणाल्या, "चुकलं माझं. तुमच्या मनाला नाव द्यायचं काम तुमचं. मी परस्पर दिलं. इतकं शिकून तेवढंही कळलं नाही मला." शिकलेलं माणूस माझ्यासमोर चुकलं म्हणतंय, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. मी मंडळीला चहा ठेवायला सांगितला, बिनसाखरेचा.

मग मी बोललो. कसा बोललो, ठाऊक नाही. पाठीवर तुळई, तोंडात माती, डोळे उघडले काय नि मिटले काय, सारखंच. हाका मारून घसा बसला. मग भिंतीपलीकडून आवाज आला, "ओ देत राहा, भिमा, ओ देत राहा!" तो महादप्पा. आमच्या दोघांच्या घरात एकच भिंत होती. तिकडं मुसळ पडलं तर इकडं भांडी वाजायची. तो स्वतः बाहेर निघाला आणि हातांनी दगड उपसत बसला. त्याची नखं गेली, पण दुपारी मला बाहेर काढलं.

बाई "मग" सुद्धा म्हणाल्या नाहीत. चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "महादप्पा आता कुठं राहतात?"

"तिकडं, टाकीच्या पलीकडं. छोट्या घरात."

नव्या गावाची मांडणीच तशी. ज्याला जमीन जास्त त्याला मोठं घर, कमी त्याला लहान, नाही त्याला त्याहून लहान. मोठी घरं एकीकडं, लहान एकीकडं. माझी जमीन जास्त, त्याचे दोन तुकडे. जुन्या गावात भिंतीला भिंत होती, इथं मधे रुंद रस्ते, शाळा, पाण्याची टाकी. वाटेत भेटलो की तो लिंगायतांच्या रीतीनं "शरणार्थी" म्हणायचा, मी रामराम. भांडण नाही, तंटा नाही. पण मी कुणाच्या दारात विनाकारण जाणारा माणूस नाही, आणि तो मोठ्या घराच्या अंगणात येताना चप्पल कुठं काढावी याचाच विचार करायचा.

"तात्या," बाई म्हणाल्या, "ग्रामसभा शाळेत असते. तिथं वर स्लॅबच आहे की. तुम्ही तीन तीन तास भांडता तिथं. घामसुद्धा येत नाही."

"तिथं माणसं असत्यात."

"तेच म्हणते मी."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते मला पटलं म्हणून लिहितोय. मला छताचं भ्या नव्हतं. छताखालून हाक मारली तर ओ कोण देणार, याचं होतं. डोक्याला पटतं की हे घर पक्कं आहे, पण अंगाला पटत नाही. अंग आपली आठवण वेगळी ठेवतं. आणि दर रात्री आपण बाहेर झोपलो की अंगाला वाटतं, बाहेर झोपलो म्हणूनच वाचलो. असं करत भ्या मोठं होत जातं. "त्याला हळूहळू सवय लावावी लागते," बाई म्हणाल्या, "आधी दुपारी, दार उघडं ठेवून, मग दार लावून. आणि एकट्यानं नाही. माणूस काही एकट्यानं आजारी पडत नाही, तात्या. गल्ल्या अशा लांब लांब गेल्या की गावसुद्धा आजारी पडतं. महादप्पांना बोलवा. थोडे दिवस दुपारी आत बसा, दोघांनी. पुढं रात्रीचं बघू."

"काय म्हणून बोलावू?"

"भ्या वाटतं म्हणून."

"ते व्हायचं न्हाय," मी म्हणालो. मी आजवर मळणीलासुद्धा कुणाला हात लावायला बोलावलं नाही.

बाईंनी जोर केला नाही. बुधवारी यायच्या, दोघांचं बीपी बघायच्या, मंडळीला मावशी म्हणत तिच्या छातीकडं कान द्यायच्या आणि इकडचं तिकडचं बोलून जायच्या. उन्हाळा गेला, पाऊस गेला. नव्या थंडीत मंडळीला एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं. नळ्या लावल्या. घरी आणल्यावर मी म्हणालो, आता तरी आत झोप. तर हिनं आपली बाज अंगणातच ओढायला घेतली. ओढता ओढता धाप लागून खाली बसली.

त्याच सुमारास बाईंचा ठेका संपला. जागा पुढं चालू ठेवायची की नाही, हे वर ठरत नव्हतं. शेवटच्या बुधवारी बाई सगळ्या गावाला भेटत फिरल्या. गिरणीवरच्या बायकांनी खणानारळानं ओटी भरली. शेवयावाल्या दोघी म्हाताऱ्या हातात हात धरून आल्या होत्या. मी जीपपर्यंत पिशवी घेऊन गेलो. मला वाटलं होतं, बाई काहीतरी मोठं बोलतील. जीपवाला हॉर्न वाजवत होता.

"तात्या, तुम्ही हट्टी आहात, ते मला आवडतं," त्या म्हणाल्या. "पण तुमचा हट्ट आता मावशींच्या छातीवर बसलाय. तुम्ही उठवलात तरच उठेल."

मी पिशवी जीपमधे ठेवली. बाईंनी वाकून नमस्कार केला, जीप वळली. नंतर त्या कुठं गेल्या, कळलं नाही. एकजण सांगतो परांड्याकडं दिसल्या, कुणी म्हणतं पुण्याला गेल्या. जिथं असतील तिथं कुणाच्या तरी दंडाला पट्टा बांधून गप्प बसल्या असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दूध घातलं, मोकळी किटली हातात घेतली आणि टाकीच्या पलीकडं गेलो. महादप्पा कपाळाला विभूती लावून दारात बसला होता. मला बघून ताडकन उठला.

"कोण गेलं?"

"कुणी न्हाय गेलं."

"मंग तू इकडं कसा?"

किटली खाली ठेवली. "मला घरात झोपायला भ्या वाटतंय, महादू," मी म्हणालो.

तो परत उंबऱ्यावर टेकला.

"मला वाटलं, तुला हवा आवडती," तो म्हणाला. मग खाली बघून बोलला, "माझं घर ल्हान हाय, भिमा. उठलं की दार हाताला लागतंय. तुझं लई मोठं. मलाबी झोप लागली नसती." आणि आत तोंड करून सुनेला ओरडला, "अगं, माझी घोंगडी दे!"

घोंगडी त्यानं खांद्यावर टाकली. आम्ही दोघं टाकीला वळसा घालून, शाळेपुढून, त्या रुंद रस्त्याच्या मधोमध चाललो. डेअरीवर अजून माणसं होती. त्यातल्या एकानं हटकलंच, "तात्या, सकाळी सकाळी घोंगडी घेऊन कुणीकडं?"

"घरात निजायला," मी मोठ्यानं सांगितलं, "मला एकट्याला भ्या वाटतंय म्हणून."