आत्याबाईंची दीड एकर

मुलांनो, तुम्ही फोनवर सांगितलंत की शाळेच्या सहलीत नदीकाठचं एका डच जमीनदाराचं घर पाहिलं. शेकडो कुळं असलेल्या त्या घराण्यातल्या शेवटच्या बाईंनी ते सगळ्यांसाठी देऊन टाकलं. ऐकून मी नुसती चडफडले. आपल्या घरातही अशीच एक शेवटची वारस होती, आणि तिचं देणं माझ्यामुळे राहिलं.

तुमच्या आजोबांच्या या चुलत आत्या. लहानपणीच विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. चंदगडकडचं त्यांच्या वडिलांचं इनाम कूळकायद्यात गेलं होतं, उरली होती दीड एकर. नव्वदच्या दशकात त्या कोल्हापुरात, शिवाजी पेठेत आमच्याकडेच राहत. गावची शाळा देवळाच्या मंडपात भरायची आणि पावसाळ्यात मुलं गळणारे कोपरे सोडून दाटीवाटीने बसायची. ती दीड एकर शाळेला द्यायची, हे आत्याबाईंनी स्वतःच ठरवलं होतं.

सगळी कागदपत्रं मी जमवली. उतारा, नकाशा, बक्षीसपत्राचा मसुदा, सगळं क्रमाने फायलीत लावलं. आत्याबाईंच्या नावाने सरपंचांना पत्र लिहिलं : कोल्हापूरला हेलपाटा घालू नका, हारतुरे नकोत, थेट चंदगडच्या कचेरीत भेटा. सोय केली, असं मला वाटलं.

एसटीने पोचलो. सरपंच म्हणजे आत्याबाईंच्या वडिलांच्या जुन्या कुळाचा नातू. त्याने नमस्कार करून पेन पुढे केलं. आत्याबाईंनी हात पदराखाली घेतला.

"मागायला कोण आलंतं?"

"आक्कासाहेब, तुमचंच पत्र आलंतं की."

"आमच्या घरानं मागितल्याबिगर जमीन दिल्याली न्हाय. गाव दारात येतंय, विडा-नारळ ठेवतंय, तोंडानं मागतंय. मग आम्ही देतोय."

"नारळ व्हय? आत्ता आणतो, समोरच दुकान हाय."

"कचेरीत? मी काय हितली शिपाई हाय?"

कारकून हसला. तिथेच सारं बिनसलं. गावाला दारात न येण्याचं मीच लिहिलं होतं, हे तेव्हाच बोलायला हवं होतं. चारचौघांत माझी चूक निघेल म्हणून मी फाईल मिटली.

परतीच्या गाडीत मात्र सांगितलं. त्या म्हणाल्या, "सूनबाई, आता देण्यासारखं माझ्याकडं एवढंच हुतं. तेबी तू टपालानं उरकलंस."

मी सरपंचांना खरं काय ते कळवलं; पुढच्या आठवड्यात गाव दारात येणार होतं. पण पावसाने रस्ता बंद झाला आणि श्रावणात आत्याबाई गेल्या. मग वारस म्हणून नात्यातले एकेक उभे राहिले. आजोबांनी आपला हक्क सोडला, बाकीचे हटले नाहीत. जमीन अजून कोर्टात आहे, शाळा अजून मंडपात.

मी लिहिलेल्या पत्राची कार्बन कॉपी फायलीत पहिल्याच पानावर आहे. अक्षर सुंदर आहे, एकही खाडाखोड नाही.