पाहुण्यांसाठी रेला

सुरतेच्या प्लेगची बातमी जगभर गेली आणि त्या हिवाळ्यात ताडोबाकडे परदेशी पाहुणे फिरकलेच नाहीत. जंगलाच्या कडेच्या ज्या छोट्या लॉजमध्ये मी नुकतीच रिसेप्शनवर लागले होते, तिथल्या बंद खोल्यांना कुबट वास येऊ लागला. पुढच्या हंगामाला एक परदेशी गट यायचं नक्की झालं, तसा मालकांना जोर चढला. भिंतींना रंग लागला, गाद्या उन्हात पडल्या, स्वयंपाक्याला तिखट कमी करायला लावलं. शेवटी ते मला म्हणाले, "गावातल्या बायांचा रेला ठेवू. पाहुणे गाडीतून उतरले की गाणं अन् नाच सुरू."

गावात मी एका गोंड बाईंकडे खोली घेऊन राहत होते. चंद्रपूरहून आलेली एकटी पोर म्हणून त्यांनी मला घरातलीच धरलं होतं. रेला त्यांनी उचलला की बाकीच्या बाया आपोआप मागे येत. पण त्यांचा भाऊ उन्हाळ्यात वारला होता. त्यांच्यात मृताचं कार्य काही महिन्यांनीही होतं; त्याचं अजून व्हायचं होतं आणि तोवर त्या गाणार नव्हत्या. हे मला ठाऊक होतं. तरी मी विचारलं.

"आत्ता नाई जमत, पोरी," त्या म्हणाल्या.

मी चुलीपाशी तोंड पाडून बसून राहिले. सकाळी त्यांनीच विचारलं, "मी नाई आली तं तुही नोकरी जाईन का?"

नाही जाणार, एवढं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "काय माहीत."

गट आला त्या दिवशी बाई लॉजवर आल्या. बायांनी फेर धरला. बाईंनी पहिली ओळ उचलली, दुसरी म्हटली आणि मग त्यांचा आवाजच फुटेना. त्यांनी पदर तोंडाला लावला. फेर थांबला. पाहुण्यांना वाटलं, नाच संपला; ते टाळ्या वाजवू लागले. त्या टाळ्या मला ऐकवेनात. मी पुढे होऊन इंग्रजीत सगळं सांगून टाकलं: यांचा भाऊ गेलाय, यांनी आत्ता गायचं नसतं, या माझ्यासाठी आल्यात. एका वयस्क पाहुणीने रडत बाईंचे हात धरले. बाईंना काहीच कळेना. मला मात्र हलकं वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "काय सांगतलं तू त्याहिले?"

मी सांगितलं.

"काऊन? गाणं म्या देल्लं होतं तुले. भाऊ नोता देल्ला."

दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. वाटलं, नोकरी गेली. पण ते खुशीत होते. "पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं! पुढच्या गटालाही असंच सांगत जा."

मी नाही म्हणाले. त्यांनी दुसऱ्या गावच्या बाया बोलावल्या. माझी नोकरी राहिली.

कार्याच्या दिवशी मी खोलीतच बसून होते. कुठल्या तोंडाने बाहेर येणार? बाईंनी दारातून हाक मारली, "पत्रावळी कोण मांडन?"

मी उठले. पंगती उठेपर्यंत त्या माझ्याशी दुसरं काही बोलल्या नाहीत. शेवटच्या पंगतीला मी बसले, तेव्हा भात त्यांनीच वाढला. मला मान वर करता आली नाही.