उंबराच्या खोडावरची रेघ

गंगाखेडच्या पुढे, गंगेच्या काठावर एका गावाने बाग केली आहे. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. तिथे सुट्टीच्या दिवशी लोक येतात, तंबूत मुक्काम करतात. फाटकाजवळ एक फलक आहे. त्यावर लिहिलंय की एका निवृत्त भूगोल शिक्षकाने पाण्याचा रंग ओळखून आठ सोबत्यांचे प्राण वाचवले. खाली लिहिलंय की तंबूंची जागाही त्याच शिक्षकाने निवडून दिली.

तो शिक्षक मी. वरचं वाक्य खोटं आहे आणि खालचं खरं आहे. वरचं खोटं असल्यामुळेच खालचं धोक्याचं झालं. गेल्या वर्षापर्यंत हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. आता अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. लिहून ठेवतो.

करोनाच्या आधीची गोष्ट. सकाळी फिरायला जाणारे आम्ही नऊ निवृत्त लोक. त्यातल्या एकाच्या पोराने पुण्याहून दोन तंबू पाठवले, ते बघून सगळ्यांनाच एक रात्र नदीवर काढायची हौस आली. नऊ जणांना दोन तंबू पुरेनात, म्हणून मंडपवाल्याकडून एक कनातही घेतली. पितृपंधरवडा सरत आला होता. आमच्या भागात त्या साली पाऊस बेताचाच झाला होता. नदीच्या मधोमध एक बारीक धार वाहत होती, बाकी सगळी पांढरी वाळू.

जागा मी निवडली. धारेपासून शंभर पावलांवर वाळूचा एक उंचवटा होता, सपाट, स्वच्छ, काटा नाही, खडा नाही. एका बाजूला बाभळीची चार झाडं. मी म्हणालो, इथेच. माझ्या बोलण्यावर कुणी शंका घेतली नाही. तीस वर्षं मी पोरांना नद्या शिकवल्या होत्या.

तंबू उभे करता करता दुपार झाली. आमच्यातले एक जण एसटीत चालक होते. त्यांनी सूचनांचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "चाळीस वर्षं गाडी चालवली, पण हिचं इंजिन कुठं हाय ते घावंना." शेवटी तंबू उभा राहिला, जरा लंगडा. चूल पेटली. मी घागर घेऊन धारेवर पाणी आणायला गेलो.

तिथे एक बाई मेंढरं पाजत होती. पन्नाशीची असेल. हातात काठी, डोक्यावर पदर, पायात टायरच्या चपला. तिचं कुटुंब राणीसावरगावच्या डोंगराकडचं. शेतात पिकं उभी असली की यांच्या मेंढरांना चरायला नदीचा काठच उरतो, म्हणून दरवर्षी ते इकडे उतरत. वरच्या दरडीवर त्यांचं पाल होतं.

तिने तंबूंकडे पाहिलं.

"मास्तर, हितं झोपणार हाव का तुमी?"

मी मास्तर आहे हे तिने कशावरून ओळखलं, कोण जाणे. चष्म्यावरून असेल.

"हो. का?"

"जागा बघून घेतली?"

"बघूनच घेतली."

"खालीच बघितलं वाटतं. वर न्हाई बघितलं." तिने काठीने बाभळीकडे दाखवलं. माझ्या डोक्याच्याही वर, फांदीच्या बेचक्यात, वाळल्या गवताची एक जुडी पिळून अडकलेली होती. "ती तिथं कुणी बांधली?"

"वाऱ्याने अडकली असेल."

"वाऱ्याला पीळ घालता येतो का?" ती हसली. "गेल्या सालचं पाणी हाय ते. जाताना खूण ठिवून गेलं."

मी म्हणालो, पाऊस थांबून आठ दिवस झालेत, आभाळात ढग नाही, आज पाणी कुठून येणार? वाकून तिने धारेचं पाणी ओंजळीत घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. सकाळी त्या पाण्यात तळाची वाळू दिसत होती. आता त्याला दूध नसलेल्या चहाचा रंग आला होता, आणि वर बारीक काड्या तरंगत होत्या.

"मेंढरं तोंड लावंनात. सांजच्याला मोठं पाणी यायलंय. उठा हितून."

मी घागर न भरताच उचलली. वरचा पाऊस वरच्या धरणात साठतो, धरण भरलं की पाणी सोडतात आणि ते कोरड्या आभाळाखाली आमच्या गावांपर्यंत येतं, हे मी दरवर्षी फळ्यावर निळ्या खडूने काढून दाखवत असे. काठच्या गावांत त्या सकाळी दवंडीही झाली होती, हे नंतर कळलं. पण आम्ही गावातून आलो नव्हतो, आणि वाळूत फोनला रेंज नव्हती.

मी परत येऊन सोबत्यांना काय सांगितलं, ते शब्द मला अजून पाठ आहेत. "मला पाण्याचा रंग बदललेला दिसतोय. सामान उचला."

मला दिसतोय. तेव्हा मनाशी म्हटलं, मेंढरं राखणाऱ्या बाईने सांगितलं म्हटलं तर हे हसतील, उठणार नाहीत. असेलही तसं. माझं नाव सांगितल्यावर ते उठले, कुरकुरत, अर्धी शिजलेली खिचडी पातेल्यासकट उचलून. वरच्या दरडीवर, त्या बाईच्या पालाशेजारी आम्ही कनात टाकली. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

मग पाणी आलं.

पूर म्हणजे आवाज करत येणारी भिंत असं मला वाटत होतं. तसं काही झालं नाही. आधी वास आला, कुजलेल्या पाल्याचा आणि ओल्या मातीचा. मग धार रुंद झाल्यासारखी वाटली. मग दुसरीकडे, जिथे पाणी नव्हतंच, तिथे वाळू काळी पडत गेली. वाळूतली हवा बुडबुड्यांनी वर येत होती आणि सगळ्या पात्रातून तवा पाण्यात बुडवल्यावर होतो तसा बारीक आवाज उठत होता. बगळे उडाले नाहीत. ते पाण्यापुढे एकेक पाऊल टाकत काठाकडे चालत आले, जत्रेतली माणसं वाट देतात तसे. आमच्या चुलीचे तीन दगड होते, ते एकामागून एक दिसेनासे झाले. बाभळी कमरेएवढ्या बुडाल्या. सूर्य मावळत होता, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि त्याखाली काठोकाठ तांबडं पाणी. एक बोरीचं झाड उभंच्या उभं वाहत गेलं. त्याच्या शेंड्यावर एक खंड्या बसला होता, आपल्या रोजच्या जागेवर बसावा तसा.

आम्ही नऊ म्हातारे ओळीने उभे होतो. मी आयुष्यभर ज्या गोष्टीबद्दल बोलत होतो, ती मी पहिल्यांदा पाहत होतो.

ती बाई शेजारी येऊन उभी राहिली. मला एकट्याला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "हे बारकं पाणी हाय, मास्तर. थोरलं येतं तवा तो उंबर बी पोहतो." आणि तिने आमच्या खालच्या टप्प्यावर, दरडीच्या मध्यावर उभ्या असलेल्या मोठ्या उंबराकडे बोट केलं. त्या दिवशी पाणी त्याच्या मुळांपर्यंतही आलं नव्हतं.

सकाळी सोबत्यांनी माझे हात धरले. चालक तर पायाच पडायला वाकले. "सर, तुमी नसते तर आमच्या बाराव्याचं जेवण घरच्यांनी खाल्लं असतं." सगळे हसले. मीही हसलो. तेवढ्यात सांगता आलं असतं. ती बाई वीस हातांवर कोकराला दूध पाजत होती. मी सांगितलं नाही.

पुढचं सोपं होतं, खोट्याचं पुढचं नेहमी सोपंच असतं. बातमी आली. शाल मिळाली. एक-दोन वर्षांनी गावाने काठावर बाग करायचं ठरवलं, तेव्हा सरपंच मला गाडीत घालून घेऊन गेले. "सर, नदी तुम्हाला कळते. तंबू कुठं लावायचे तेवढं सांगा." त्यांच्या मनात उंबराचा टप्पा होता. सावली दाट, नदी समोर. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

तिचं वाक्य मला आठवलं. पण ते बोललो असतो तर त्यांनी विचारलं असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? नदी कळणाऱ्या माणसाला मेंढरंवालीकडून कळलं, हे मला म्हणवेना. मी म्हणालो, "त्या दिवशी पाणी इथवर आलं नव्हतं." हे खरं होतं. जितकं खरं सांगून खोटं बोलता येतं तितकं मी सांगितलं.

बागेला तारेचं कुंपण झालं आणि मेंढरांची नदीवर उतरायची वाट बंद झाली. त्या बाईचा माणूस सरपंचांकडे गेला होता म्हणे. म्हणाला, सरांना विचारा, आमी त्यांना वळखतो. सरपंचांनी मला फोन केला. मी म्हणालो, मला आठवत नाही.

गेल्या वर्षी बागेच्या कार्यक्रमाला मला पाहुणा म्हणून बोलावलं. उंबराखाली दहा-बारा तंबू होते. एका तंबूपुढे परभणीहून आलेलं तरुण जोडपं बसलं होतं. त्यांनी उंबराच्या खालच्या फांदीला साडीची झोळी बांधली होती आणि तीत तान्हं बाळ झोपलं होतं. मी म्हणालो, बाळाला घेऊन नदीवर? ती पोरगी हसून म्हणाली, "आजोबा, सरांनी निवडलेली जागा आहे. बाहेर फलक नाही का वाचला?"

मी त्या झोळीखालची मोकळी जागा बघत राहिलो.

दुसऱ्या आठवड्यात एसटीने राणीसावरगावला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. ती अंगणात लोकर निवडत बसली होती. केस पांढरे झाले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पाण्याचा रंग, शाल, उंबर, फोन. तिने मधे एकदाही तोडलं नाही. सुनेला फक्त म्हणाली, "मास्तरला पाणी दे गं. लय लांबून आलेत."

मग मला म्हणाली, "तुमी सांगितलं न्हाई, हे मला त्याच दिवशी कळलं व्हतं."

"कसं?"

"वर आले अन् माझ्याकडं बघितलंच न्हाई तुमी. मेंढरू दुसऱ्याच्या रानात शिरलं की असंच मान खाली घालतं."

मी म्हणालो, फलकावर तुमचं नाव घालायला लावतो.

"नावाचं काय करू? मेंढराला वाचता येत न्हाई, अन् मला बी." थोडा वेळ ती हातातली लोकर सोडवत राहिली. "फोनवर आठवत न्हाई म्हणले, ते मातर लागलं मला. दोन कोसांचा वळसा पडायलाय पाण्याला. वाट सोडायला सांगा. अन् त्या उंबराला रेघ मारा. थोरलं पाणी कुठवर आलं, त्याची. मी दाखवते."

सरपंचांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सर, कशाला उकरून काढता? तुमचीच इज्जत जाईल." मी म्हणालो, ती गेली तर माझी जाईल, झोळीतली बाळं लोकांची आहेत. सकाळच्या सोबत्यांनाही सांगितलं. आता आम्ही सहा उरलोत. चालकांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "मी चुकीच्या माणसाच्या पाया पडलो म्हणा की." त्यानंतर दोन दिवस ते फिरायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, आणि शिडी कुठून आणायची ते विचारलं.

उंबराखाली आम्ही जमलो तेव्हा ती बाई आधीच येऊन बसली होती. सरपंचही आले होते, जरा लांब उभे. तिने खोडाला एक फेरी मारली, नदीकडे पाहिलं, पलीकडच्या तीरावरच्या देवळाच्या पायऱ्या बोटांवर मोजल्या आणि काठी वर केली. काठी पुरेना.

"चढा, मास्तर."

नातवंडांनी पाहिलं असतं तर चढू दिलं नसतं. चालकांनी शिडी धरली. मी रंगाचा डबा घेऊन चार पायऱ्या चढलो.

"इथे?"

"वर."

"आता?"

"अजून वर. माझी धाकटी पोटात व्हती त्या साली. त्या देवळाची येकच पायरी उघडी व्हती."

शिडीच्या शेवटच्या पायरीच्या एक आधी ती म्हणाली, "हां. तिथं." मी ब्रश बुडवला आणि खोडावर हात टेकला, तर बोटांना काहीतरी वेगळं लागलं. दोन फांद्यांच्या बेचक्यात खताच्या गोणीची एक पट्टी पिळून अडकली होती. तिच्यावरून साल वाढली होती, झाडाने अर्धी गिळली होती. ती माझ्या डोळ्यांच्या बरोबर समोर होती. बाईने ती खालून पाहिलेली असणं शक्य नव्हतं.

मी खाली पाहिलं. तंबूंचे शेंडे माझ्या पावलांच्या बरेच खाली होते. झोळी बांधली होती ती फांदी त्याहूनही खाली. मी जिथे होतो तिथे एकदा पाणी होतं, काठापासून त्या देवळापर्यंत, आणि ते या उंचीवरून शांतपणे वाहत गेलं होतं. मी शिडीवर होतो आणि मला पोहत असल्यासारखं वाटलं.

पट्टी मी काढली नाही. तिच्या खालून खोडाभोवती हात पोचेल तितकी पांढरी रेघ ओढली. खाली सरपंच मान वर करून बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी गड्याला हाक मारली आणि तंबूंच्या खुंट्या उपटायला सांगितल्या. बाई उठून कुंपणाकडे चालायला लागली होती, वाट कुठून होती ते दाखवायला.